एकविसाव्या मजल्यावरून अंबरपेठ

माझा धंदा सांगितला की लोक आधी हसतात, आणि मग खरंच असं काही असतं का म्हणून विचारतात. असतं. जी इमारत अजून उभीच राहिलेली नाही, तिच्या खिडकीतून काय दिसेल याचे फोटो मी काढतो. रिकाम्या प्लॉटवर मोठी क्रेन आणायची, हुकाला लोखंडी पाळणा टांगायचा, पाळण्यात मी आणि माझी तिपाई. मग पाचव्या मजल्याची उंची, दहाव्याची, पंधराव्याची, एकविसाव्याची. प्रत्येक उंचीला थांबायचं, कॅमेरा थोडा थोडा वळवत गोल फिरवायचा, आणि घरी येऊन ते सगळे तुकडे जोडून एक लांबच लांब पट्टी करायची. बिल्डर ती पट्टी ऑफिसात भिंतभर लावतो. गिऱ्हाईक तिच्यासमोर उभं राहतं आणि नसलेल्या घराच्या नसलेल्या बाल्कनीतून गंडिपेठ तलावाचं पाणी बघून खूश होतं.

आता हे काम ड्रोन करतात. पण हैदराबादच्या पश्चिमेला काही ठिकाणी लष्कराची हद्द जवळ आहे, तिथे ड्रोनला परवानगी मिळत नाही, म्हणून मला बोलावतात. माझी भाकरी लष्कराच्या कृपेने चालते असं मी सगळ्यांना सांगायचो. त्यावर अक्का म्हणायची, भाकरी मी करते.

अक्का माझी थोरली बहीण. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आमचे आजोबा उदगीरकडची शेती भावांवर टाकून निजामाच्या काळात इथे आले आणि वडील इथेच कारकून म्हणून चिकटले. अंबरपेठेतलं घर वडिलांनी बांधलं. अक्काचे यजमान लवकर गेले, तेव्हा ती मुलाला घेऊन माहेरी आली आणि खालच्या मजल्यावर राहिली. मी वरच्या खोलीत. मी लग्न केलं नाही.  का, ते कुणी धड विचारलं नाही, अक्का सोडून, आणि तिने विचारलं की मी भडकायचो.

भडकणं हा माझा जुना रोग. राग माझ्या नाकावरच बसलेला असतो, उठवायला फार लागत नाही. अक्काचा एक रोजचा प्रश्न मला उठवायला पुरायचा. संध्याकाळी फोन करायची आणि विचारायची, किती वाजता येणार. भाकरी गरम असताना खाल्ली पाहिजे हा तिचा कायदा होता. मी कुठेही असो, अफझलगंजला कॅमेऱ्याच्या दुकानात असो की तिकडे वीस किलोमीटरवर पाळण्यात लटकत असो, फोन यायचाच.

एकदा पाळण्यात असताना तो तीनदा आला. त्या दिवशी वारा होता. पाळणा जरा जरी हलला तरी पुढे जोड जुळत नाही. एखादी गच्ची अर्धीच येते, एखादा माणूस दोनदा येतो. मी श्वास रोखून अर्धी फेरी पूर्ण केली की खिशात फोन थरथरायचा आणि माझा हात हलायचा. तीन वेळा पहिल्यापासून सुरू केलं. तोवर ऊन उतरलं आणि दिवस फुकट गेला. घरी येऊन मी अक्कावर ओरडलो. बरंच काही बोललो, सगळं आठवत नाही, पण एक वाक्य आठवतं.

“मला विचारणारं कुणी नसतं तर मी सुखात असतो,” मी म्हणालो.

ती तव्यासमोर होती. तिने भाकरी उलटली, फुगू दिली आणि माझ्या ताटात वाढली. दुसऱ्या दिवसापासून फोन बंद झाला. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, पहिले चार दिवस खरंच बरं वाटलं.

त्याच आठवड्यात भाचा आला. तो संगणकाच्या कंपनीत आहे, बायको पुण्याची, तीही त्याच कामात. दोघं शहराच्या त्या टोकाला भाड्याने राहत होते. आता त्यांना स्वतःचं घर घ्यायचं होतं आणि अक्काने तिथे यावं अशी त्यांची इच्छा होती. पुढे मूलबाळ होईल, आई जवळ हवी. भाचा साधा मुलगा आहे, त्याने हे असंच सरळ सांगितलं. ज्या प्रकल्पात तो घर बघत होता, त्याच्याच पट्ट्या काढायचं काम योगायोगाने माझ्याकडे आलं होतं. एकविसावा मजला, पूर्वेची खिडकी.

अक्का ऐकेना. हे घर सोडून मी कुठे जात नाही, म्हणाली. भाच्याने तीन-चारदा समजावलं. शेवटी तिने वाद संपवायचा म्हणून सांगून टाकलं की त्या खिडकीतून माझं हे घर दिसत असेल तर येईन, नाहीतर नाही. आमच्या घराण्यात कुणाला नाही म्हणायचं असलं की अशीच अट घालतात. सूर्य पश्चिमेला उगवला तर येईन, म्हणण्यासारखं. पण भाचा पडला इंजिनियर, त्याला ती अट खरी वाटली. मला बाजूला घेऊन म्हणाला, मामा, तुम्ही वर जाणारच आहात, बघा ना दिसतं का.

मी गेलो. क्रेन चालवणारा मेहबूबनगरकडचा होता, जुना माणूस, माझ्याहून जास्त पांढरे केस. पाळण्याची साखळी तपासता तपासता म्हणाला, “साब, उप्पर जाके नीचे नक्को देखो, दूर देखो.” मी त्याला सांगितलं की दूरचं बघायलाच चाललोय. खाली मोकळं माळरान होतं आणि त्यात खरोखरच शेळ्या चरत होत्या. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणतात, ते मला त्या दिवशी पाळण्यातून करता आलं असतं.

एकविसाव्या उंचीला पाळणा थांबला. हलणं शांत होईपर्यंत मी थांबलो आणि पूर्वेकडे पाहिलं. गोवळकोंड्याचा किल्ला दिसत होता, त्याच्या अलीकडे कुतुबशाही घुमट, आणि त्यापलीकडे बंजारा हिल्सचा उंचवटा, त्यावर इमारतींची दाटी. तिथे नजर संपत होती. अंबरपेठ त्या उंचवट्याच्या पलीकडे, मुशी नदीच्या सखल काठाला. ते तिथून दिसणं शक्य नव्हतं. लांबची लेन्स लावून बघितलं, तरी धुरकट पांढऱ्या ठिपक्यांशिवाय काही नाही. मी माझे फोटो काढले आणि खाली आलो.

पट्टी तयार झाली तेव्हा एक छोटी प्रत मी घरी आणली. दोन हात लांब होती. अक्काने ती जेवणाच्या टेबलावर पसरली, दोन टोकांना मिठाची बरणी आणि पाण्याचा तांब्या ठेवला. भाचा समोर बसला होता आणि माझ्याकडे बघत होता. अक्काने चष्मा लावला. कुठे आहे दाखव, म्हणाली.

इथे मला थांबून स्वतःला विचारावं लागतं. भाच्याचा चेहरा बघून मी खोटं बोललो असं सांगता येईल, आणि लोक मान डोलावतील. पण ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं असं की माझ्या नाकावरचा राग पुरता उतरला नव्हता. कुणी विचारणारं नसलेली संध्याकाळ कशी असते ते चार दिवस चाखलं होतं आणि मला ती आवडली होती. दिसत नाही, एवढेच दोन शब्द म्हणायचे होते. त्याऐवजी मी पट्टीवर उजवीकडे, उंचवट्याच्या वर, एका पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

“हे बघ, हे आपलं,” मी म्हणालो.

अक्का वाकून बराच वेळ बघत राहिली. मग यजमान गेल्यावरही न सोडलेली कपाळाची टिकली तिने काढली आणि माझं बोट उचलून त्या जागी चिकटवली. म्हणजे हरवणार नाही, म्हणाली. भाच्याने त्याच आठवड्यात घर बुक केलं.

इमारत व्हायला तीन वर्षं लागली. ती तीन वर्षं पट्टी अक्काच्या बैठकीत भिंतीवर होती, टिकलीसकट. मी रोज तिच्याखाली बसून जेवत होतो. खाई त्याला खवखवे, तसं मला ते टिकलीचं लाल टोक घशाशी खवखवायचं. मधूनच वाटायचं की आज सांगावं. पण अक्का भाजी वाढत असायची, टीव्ही चालू असायचा, आणि मी उद्यावर टाकायचो. शिवाय माझं फोनशिवायचं सुख एव्हाना शिळं झालं होतं. अक्का आता काही विचारत नव्हती. मी किती वाजता येतो, कुठे जातो, काहीच नाही. ताट झाकून ठेवलेलं असायचं. भाकरी गार असायची आणि त्याबद्दल बोलायला मला तोंड नव्हतं.

ती गेली तेव्हा टेम्पोत फार सामान नव्हतं. तवा नेला, परात नेली, देव नेले, पट्टी नेली. टेम्पो गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाल्यावर मी आत आलो आणि भिंतीवर पट्टीच्या जागी राहिलेला लांबट पांढरा डाग बघत बसलो. तीन वर्षं आणि वरचा एक आठवडा, एवढा वेळ माझ्याकडे होता. मला रडू आलं नाही, पण त्या दिवशी मी जेवलो नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता तिचा फोन आला. गच्चीवरचा दिवा लाव, म्हणाली. कामून, मी विचारलं. मला इथून बघायचाय, म्हणाली. मी गच्चीवर गेलो. आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ एक साधा बल्ब आहे, वडिलांच्या वेळचा. मी बटण दाबलं. लावला, मी फोनवर म्हणालो. 

“दिसला,” अक्का म्हणाली. “जा आता, जेव.”

तेव्हापासून हे रोज झालं. सात वाजले की फोन. लावलास का, लावला, दिसला, जा जेव. यापलीकडे बोलणं नाही.  वीस-बावीस किलोमीटरवरचा, डोंगराआडचा चाळीसचा बल्ब म्हाताऱ्या बाईला दिसतो कसा? ती माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून भलत्याच कुणाच्या दिव्याकडे बघत बसत असणार, असं मी धरून चाललो. एकदा बल्ब उडाला आणि मी दोन दिवस नवा आणला नाही. दोन्ही दिवस मी लावला म्हणालो आणि दोन्ही दिवस ती दिसला म्हणाली. माझी खात्रीच झाली. बिचारी, असं मला वाटलं. बिचारी म्हणताना आपण किती मोठे होतो, ते तेव्हा लक्षात येत नाही.

पण एक खरं की सात वाजता मी घरी असायचो. काम असं लावून घ्यायचो की संध्याकाळी गच्चीवर पोचता येईल. पोचलो की खाली येऊन काहीतरी शिजवायचो, खिचडी, नाहीतर पिठलं. बाकी दिवसभर घरात आवाज म्हणजे फ्रीजचा. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याशी दोन वाक्यं, दूधवाल्याशी एक. कधी कधी सात वाजता लावला म्हणायला तोंड उघडलं की आवाज चिकटलेला निघायचा, कारण दिवसातला तो पहिलाच शब्द असायचा. विचारणारं कुणी नसलं तर माणूस सुखात असतो, हे ज्या गाढवाने म्हटलं होतं त्याची मला रोज आठवण यायची.

अक्काकडे जाणं मात्र मी टाळलं. वास्तुशांतीला गेलो, नातीच्या बारशाला गेलो, तेही बैठकीतूनच परत आलो. लांब पडतं, मेट्रो बदलावी लागते, पुढे ऑटोवाले लुटतात, ही कारणं भाच्याला सांगायचो. खरं कारण एकच होतं. अक्काच्या खोलीत गेलो तर ती मला खिडकीशी नेणार आणि म्हणणार, बघ, ते आपलं घर. तिच्या शेजारी उभं राहून हौ म्हणायची माझ्यात हिंमत नव्हती.

असं दीड-पावणेदोन वर्षं चाललं. मग त्याच बिल्डरचा मला पुन्हा फोन आला. तिसरा टॉवर बावीस मजल्यांपर्यंत चढला होता, उरलेली घरं विकायची होती आणि त्यांना संध्याकाळच्या उजेडातली पट्टी हवी होती. या वेळी क्रेनचा पाळणा नव्हता. बांधकामात सामान उतरवून घ्यायला प्रत्येक मजल्यावर स्लॅबच्या बाहेर एक लोखंडी फलाट काढलेला असतो, त्यावरून फोटो काढायचे होते. तिसरा टॉवर म्हणजे शेळ्या चरत होत्या ते माळरान, एवढं मला कळलं होतं. तो अक्काच्या इमारतीच्या नेमक्या कुठल्या बाजूला येतो याचा मी विचार केला नाही. पाच वर्षं त्या जागेची चित्रं विकून मला तिथली पूर्व कुठली ते कळू नये, याला काय म्हणावं.

सहाच्या सुमाराला मी एकविसाव्या फलाटावर पोचलो. पट्टा कमरेला बांधला, तिपाई घट्ट केली आणि मान वर केली. समोर, एखादी रुंद गल्ली ओलांडावी एवढ्या अंतरावर, दुसरा टॉवर होता. अक्काचा. मजले मोजायची गरज नव्हती, मी त्याच उंचीला उभा होतो. डावीकडून तिसरी खिडकी. वास्तुशांतीच्या दिवशी भाच्याने खालून बोट करून दाखवली होती ती. म्हणजे माझ्या पायाखालचा हा सगळा सिमेंटचा ढीग अक्काच्या पूर्वेला उभा होता. तिच्या खिडकीतून अंबरपेठ सोडा, गोवळकोंडासुद्धा दिसत नव्हता. फलाटाशेजारी दोरीवर मजुरांचे कपडे वाळत होते, तिला दिसत असतील तर तेच.

साइटवरचा इंजिनियर, पोरसवदा तेलुगू मुलगा, मला म्हणाला की समोरचा टॉवर फोटोत नको, नंतर कॉम्प्युटरवर पुसून तिथे आभाळ टाका. मी त्याला म्हणालो की त्यात माणसं राहतात. तो हसला. मी हसलो नाही, आणि माझ्या तोंडून पुढे जे निघालं ते ऐकून तो विसाव्या मजल्यावर निघून गेला.

उजेड उतरत होता. मी पहिली फेरी घेतली, दुसरी घेतली. समोरच्या खिडक्यांत एकेक दिवा लागत होता. डावीकडून तिसऱ्या खिडकीतही लागला आणि मला अक्का दिसली. ती पलंगावर बसली, खिडकीकडे पाठ करून. समोरच्या भिंतीवर माझी पट्टी होती. मी लांबची लेन्स लावली. पट्टीच्या उजव्या टोकाकडे लाल टिकली होती, अजून तिथेच.

सात वाजले. तिने उशीजवळचा फोन उचलला, आणि माझ्या खिशात थरथर झाली.

“लावलास का?”

“लावला,” मी म्हणालो.

“वारा फार आहे का रे गच्चीवर? आवाज यायलाय.”

“हौ, आहे थोडा.”

ती वळली नाही. खिडकी तिच्या पाठीमागे होती, तिकडे तिने मानसुद्धा फिरवली नाही. भिंतीकडे बघत, गुडघा चोळत ती म्हणाली, “दिसला. जा, जेव आता.” मग फोन ठेवला आणि तशीच बसून राहिली. माझ्या हातातला कॅमेरा चालू होता, पण मी बटण दाबू शकलो नाही.

सामान बांधून, बांधकामाच्या लिफ्टने खाली येऊन, गेटांवरच्या वह्यांत सह्या करून मी तिच्या दारात पोचलो तेव्हा साडेसात झाले होते. सुनेने दार उघडलं, नात तिच्या कडेवर होती. मामा अचानक कसे, तिने विचारलं. मी सरळ अक्काच्या खोलीत गेलो. अक्काने माझ्याकडे पाहिलं, माझ्या बुटांवरच्या सिमेंटकडे पाहिलं.

“मी समोरच होतो, सात वाजता,” मी म्हणालो.

ती पहिल्यांदा खिडकीकडे वळली. अंधारात समोरच्या रिकाम्या मजल्यांवर एकदोन बल्ब जळत होते. तिने मला बसायला पलंगावर जागा करून दिली.

कधीपासून दिसत नाही, मी विचारलं. गेल्या गणपतीपासून, ती म्हणाली. मग रोज दिसला दिसला काय म्हणत होतीस, मी विचारलं, आणि माझा आवाज चढला, सवयीने.

“तू विचारू नको म्हणालास,” ती म्हणाली. “म्हणून दिवा काढला. दिवा लावायचा म्हणजे गच्चीवर यायचं. गच्चीवर आलास म्हणजे घरी आलास. मग जेवशीलच की. तुला विचारल्यासारखंही नाही आणि मला कळतंय.”

 या टॉवरच्या आधी तरी काही दिसायचं का, एवढं मी विचारलं. तिने मान हलवली. नंतर जे बोलली ते भिंतीकडे बघत बोलली, रागाने नाही, भाजी काय केली ते सांगावं तसं.

“पहिल्याच दिवशी कळलं होतं मला. आपलं घर पिवळं आहे. तूच रंगवून घेतलंस. आणि बोट पांढऱ्यावर ठेवलंस.”

मी पट्टीकडे पाहिलं. टिकलीच्या कडेने तो पांढरा ठिपका किंचित बाहेर डोकावत होता. आयुष्यभर डोळ्यांचा धंदा केला आणि स्वतःच्या घराचा रंग चुकलो.

“मग टिकली का लावलीस?”

“मी जावं असं तुला हवं होतं. तुझ्याच्याने तोंडाने म्हणवत नव्हतं. म्हटलं, सोपं करावं.”

“तसं नव्हतं, अक्का.”

“असेल,” ती म्हणाली. “पण तीन वर्षं तो फोटो भिंतीवर होता. रोज त्याच्याखाली तुला वाढत होते. म्हटलं, आज म्हणेल, उद्या म्हणेल, अक्का मी खोटं बोललो, नको जाऊ. टेम्पोत बसेपर्यंत वाट पाहिली.”

मी आता म्हणालो. खोटं बोललो, चुकलं, चल घरी, उद्याच चल. पासष्टी ओलांडलेल्या बहिणीसमोर सत्तावन्न वर्षांचा माणूस नाक पुसत हे म्हणत होता. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तेवढ्यात बाहेरून नात दुडदुडत आली आणि तिच्या पदराला लोंबकळली. आता हिला कोण बघणार, अक्का म्हणाली. तिचं सांगून झालं होतं, तिने मुलीला उचलून मांडीवर घेतलं. मी तिथेच जेवलो. भाकरी गरम होती. तिच्या समोर मी दोन खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी साडेसहापासून मी गच्चीवर होतो. फोन येईल का, मला माहीत नव्हतं. आता कशाला येईल? नाटक उघडं पडल्यावर पडदा कोण ओढतो. शेजारच्या गच्चीवर कुणी मिरच्या वाळत घातल्या होत्या त्या गोळा करत होतं, खाली गल्लीत रिक्षा मागे घेताना कुणी कुणाला शिव्या देत होतं. सात वाजले. सात वाजून पाच मिनिटं झाली. मी बटण दाबलं आणि जन्मात पहिल्यांदा त्या वेळेला फोन मी केला.

“अक्का, लावलाय.”

 पलंग करकरला, पावलं ऐकू आली, मग खिडकीची काच सरकल्याचा आवाज आला. ती बघत होती. मी टाकीला टेकून उभा राहिलो आणि माझ्या डोक्यावरच्या त्या पिवळट बल्बभोवती फिरणारे किडे बघत राहिलो.

“नाही दिसत,” अक्का म्हणाली. “पण राहू दे लावलेला.”